हाडांची फौज

टॅमरॅक, मिशिगन
६ सप्टेंबर १९९७

प्रिय आर्वोकाका,

काल लायब्ररीच्या मिसेस पेल्टो घरी आल्या होत्या. बाबांनी दार उघडलं तर त्या थेट स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "आउने, यंदा हॅलोविनला खिडकी रिकामी ठेवायची नाही. तुझ्या काकाची हाडांची फौज परत निघाली पाहिजे." मी 'विचार करते' म्हणाले. त्या म्हणाल्या, "विचार करशील तर नाताळ येईल." म्हणून मी हो म्हटलं. आता झोप लागत नाही, पण ते माझं नेहमीचंच.

तुमचं ओकचं कपाट तळघरातून वर आणलं आहे. एकतीस पुतळे आहेत, सगळे अंगठ्याएवढे सांगाडे. राजा, ढोलवाला, तीन पायांच्या घोड्यावरचा स्वार, सगळे मला नावानिशी आठवतात. खिडकीतलं छोटं गावही लायब्ररीच्या माळ्यावर सापडलं: चर्च, किराणा दुकान, शाळा. पूर्वीसारखंच करायचं ठरलं आहे. एक ऑक्टोबरला फौज जंगलातून निघेल, रोज बोटभर पुढे सरकेल आणि एकतीसला शाळेच्या दारात पोचेल. त्या संध्याकाळी पहिलीच्या वर्गातल्या सात मुलांच्या चिठ्ठ्या निघतील आणि प्रत्येकाला एक पुतळा घरी न्यायला मिळेल. मिसेस पेल्टोंना त्याचंच सगळ्यात कौतुक आहे. आईने मला घरीच शिकवलं, त्यामुळे माझं नाव कधी चिठ्ठीत नव्हतं. लहानपणी मी त्यावरून किती रडले होते, तुम्हाला आठवत असेल.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

एक: जुन्या रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि बऱ्याच पुतळ्यांवर पिठासारखी पांढरी पूड आली आहे. तळच्या खणातल्यांवर जास्त. ती कशी काढायची?

दोन: पुतळे कशाचे आहेत? लहान मुलांच्या हाती जायचे आहेत, म्हणून विचारते.

तुमची,
आउने


युमा, ॲरिझोना
१३ सप्टेंबर

चिमणे,

दोनच प्रश्न? मला वाटलं होतं बारा तरी असतील. तुझी आई म्हणते ही पोरगी देवाचीसुद्धा उलटतपासणी घेईल.

पुतळे कथलाचे आहेत. दर उन्हाळ्यात मी स्वतः मागच्या शेडमध्ये ओतायचो. पूड म्हणजे तळघरातली ओल. जुन्या दात घासायच्या ब्रशने झाडून टाक, हट्टीपणा केला तर थोडा व्हिनेगर लाव.

आता रंगाचं. आधी सगळ्यांना काळ्या रंगाचा हात दे. वाळला की हाडाचा रंग: पांढऱ्यात पिवळ्या मातीचा थेंब, जास्त नको. मग तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून वरून सोड, तो फटीत जाऊन बसतो आणि बरगड्या आपोआप उठून दिसतात. डोळ्यांच्या खोबणी शेवटी. त्याला ब्रशचं टोक सुईसारखं लागतं. कापडावर फिरवून ते येत नाही. ओठात धरायचा, जिभेवर फिरवायचा आणि ओढायचा. मी तीस वर्षं तेच केलं. नाक मुरडू नकोस, बायकी नखरे करणाऱ्याची फौज आंधळी होते.

राजाला घाई करू नकोस. त्याचा मुकुट मी काडेपेटीच्या काडीने कोरला होता.

इथे एकशे चार डिग्री आहे. कोरड्या हवेने छाती बरी आहे. शेजारी सगळे म्हातारे आहेत आणि मीच त्यांच्यात पोरगा.

काका


टॅमरॅक
२४ सप्टेंबर

प्रिय आर्वोकाका,

तेवीस पुतळे झाले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दिवसा उजेडात रंगवते. तुम्ही सांगितलं तसा ब्रश ओठात धरते. पहिल्या दिवशी किळस आली, आता लक्षातही येत नाही. डोळे खरंच नीट येतात.

पूड मात्र फार होती. झाडली की टेबलभर. व्हिनेगरने त्या दिवसापुरती गेली, चार दिवसांनी त्याच पुतळ्यांवर दुप्पट आली. मी परत झाडली.

तीन-चार दिवसांपासून तोंडात एक चव आहे, पैसा चोखल्यासारखी, पण गोडसर. पोटात सारखा पीळ पडतो. बाबा म्हणाले, "तुझं काळजीचं पोट आहे, शाळेच्या परीक्षेलाही दुखायचं." मी म्हटलं, बाबा, माझी शाळा हेच टेबल होतं, परीक्षा आईच घ्यायची. ते म्हणाले, "मग दुखणारच." आई हसली नाही.

खिडकीत जंगल उभं केलं आहे. शाळेतून येताना मुलं काचेला नाक लावून उभी असतात. पहिलीच्या बाईंनी वर्गाची नावं पाठवलीसुद्धा.

एक विचारायचं राहून गेलं. मिसेस पेल्टोंच्या जुन्या वहीत १९७९ ते १९८५ दर वर्षी सात नावं आहेत. १९८६ पासून फौज निघाली, पण नावं नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्या वर्षी आर्वो एकदम बिथरला. म्हणाला, एकही पुतळा खिडकीबाहेर जाणार नाही. मी म्हटलं, अरे मुलं रडतील. तर म्हणाला, रडू देत. असा तो कधी बोलायचा नाही."

का थांबवलंत? मी काही चुकीचं परत सुरू करत नाही ना?

आउने


युमा
१ ऑक्टोबर

आउने,

मुलं वस्तूंची किंमत ठेवत नाहीत. एक पुतळा मला चर्चमागच्या गटारात सापडला होता. म्हणून थांबवलं. यंदाही देऊ नकोस. खिडकीत ठेव, लोकांना बघू दे, तेवढं पुरे. पेल्टोबाईला सांग, काकाची इच्छा आहे. चिडली तर चिडू दे. सात मुलांना चॉकलेट दे.

उरलेले पुतळे घरात नको, बाहेर पोर्चवर बसून रंगव. थंडी असेल तर कोट घाल.

जेवायच्या आधी हात धुतेस ना? साबणाने?

काका


टॅमरॅक
८ ऑक्टोबर

प्रिय आर्वोकाका,

तुमचं पत्र मी सहा वेळा वाचलं. लहानपणी तळ्यावरून येऊन आम्ही चिखलाच्या हातांनी तुमच्या ताटातला पाव उचलायचो आणि तुम्ही हसायचात. तुम्ही कधी कोणाला हात धुवायला सांगितलेलं मला आठवत नाही.

फौज निघाली आहे. आज ती जंगलाबाहेर ओढ्यापर्यंत आली. रोज सकाळी लायब्ररी उघडायच्या आधी मी काचेमागे उभी राहून एकेकाला पुढे ठेवते. पूर्वी मला ही फौज आवडायची. आता शाळेच्या दिशेने त्यांना उचलून ठेवताना हात आखडतो. चिठ्ठ्यांची बातमी साप्ताहिकात छापून आली आहे. मिसेस पेल्टोंना मी तुमची इच्छा सांगितली. त्या म्हणाल्या, "इच्छा बघायला तो इथे नाही. मुलांना शब्द दिलाय."

मग मी एक गोष्ट केली, ती तुम्हाला सांगणं भाग आहे. लपवून ठेवलं तर ते खोटं बोलण्यासारखंच होईल.

मी दहा वर्षांची असताना आईने याच टेबलावर मला एक धडा दिला होता: वस्तू आधी तोलायची, मग काठोकाठ भरलेल्या पाण्यात सोडायची आणि सांडलेलं पाणी मोजायचं. वस्तू पाण्याच्या किती पट जड आहे ते कळलं की ती कशाची आहे ते कळतं. आईचे चमचे चांदीचे नाहीत हे आम्ही तसंच शोधलं होतं. काल मी ढोलवाल्याचा रंग खरवडून त्याला तोललं आणि पाण्यात सोडलं. मग राजाला. मग घोड्याला, कारण एकदा चूक होऊ शकते. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, पाण्याच्या अकरा पट.

कथील सात पट असतं, काका.

राजाच्या पाठीवर मी नख दाबलं, तर खूण उठली. कागदावर ओढला, तर पेन्सिलीसारखी रेघ आली.

माझी मोजणी चुकली असेल तर तसं लिहा. मला फार बरं वाटेल. चुकली नसेल तर तेही लिहा. एकतीस तारखेला तेवीस दिवस उरले आहेत.

आउने


टॅमरॅक
१८ ऑक्टोबर

प्रिय आर्वोकाका,

पत्र आलं नाही. तुम्ही आजारी असाल म्हणून काल तुमच्या वसाहतीच्या ऑफिसात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "आर्वो? ठणठणीत आहे. सकाळीच माझ्याशी कचऱ्याच्या डब्यावरून भांडला. आत्ता पायरीवर बसलाय, निरोप देऊ?" मी म्हटलं, नको.

म्हणजे माझं पत्र तुम्हाला मिळालं आहे.

मंगळवारी मी आईला सगळं सांगितलं. तिने आधी टेबलावरचं मेणकापड गुंडाळून बाहेर नेलं, मग मला आणि बाबांना गाडीत घातलं. मार्केटमध्ये जाऊन पीठ आणायचं होतं तिला, त्याऐवजी आम्ही दोन तास गाडी चालवून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आम्हा तिघांचं रक्त घेतलं आहे. मी काय रंगवते आणि ब्रश कुठे धरते ते ऐकल्यावर त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. ती पांढरी पूड म्हणजे ओल नाही. ते शिसंच आहे, कुजलेलं. ते मी झाडत होते आणि ब्रशवरून चाटत होते.

मिसेस पेल्टोंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या वडिलांच्या सगळ्या खिशांत शिशाच्या गोळ्या असायच्या, मासेमारीच्या. नव्वद वर्षं जगले. तू लहानपणापासून अशीच. तीन वेळा कुलूप ओढून बघणारी." मी म्हटलं, मिसेस पेल्टो, सहा वर्षांचं मूल खिशात ठेवत नाही, तोंडात घालतं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "चिठ्ठ्या रद्द करते. पण लोकांना कारण तूच सांग, मी नाही."

फौज आता किराणा दुकानापाशी आहे. मी हातमोजे घालून सरकवते.

यंदाच्या सात मुलांना पुतळे मिळणार नाहीत. पण त्या वहीत सात वर्षांची नावं आहेत, एकोणपन्नास. रात्री डोळे मिटले की मी ती मोजते. तुम्ही १९८६ मध्ये का थांबलात, काका?

आउने


युमा
२२ ऑक्टोबर

आउने,

पायरीवर बसलो होतो तेव्हा तुझं आधीचं पत्र माझ्या खिशातच होतं. उघडलं होतं. लिहायला बसलो की उठायचो.

तुझी मोजणी बरोबर आहे. खाणीतले जुने नळ आणि मासेमारीची वजनं वितळवून ओतायचो. कथील परवडत नव्हतं, आणि शिसं फार छान उतरतं, बोटांची नखंसुद्धा येतात. तेव्हा सगळेच ओतायचे. ओकचं कपाट मी हौसेने केलं. ओकच्या लाकडाला आंबट वाफ असते, ती शिसं खाते, हे मला नंतर कळलं. तू व्हिनेगर लावलंस तेही माझ्यामुळे. तो नुसता अडाणीपणा होता, त्यात लपवाछपवी नव्हती. पुढचं मात्र तसं नाही.

१९८५ च्या चिठ्ठीत रांतांच्या मोठ्या मुलाला एक ढोलवाला मिळाला. त्याची बहीण चार वर्षांची होती, कारिना. तो ढोलवाला तिने हिवाळाभर तोंडात ठेवला, टॉफीसारखा. वसंतात ती चालताना पडायला लागली आणि बोलायची ते शब्द विसरायला लागली. डॉक्टर म्हणाले शिसं. घरात कुठे आहे ते शोधा.

तिची आई, ऐली, माझ्या दारात आली. रुमालात ढोलवाला होता, ढोल चावून सपाट झालेला. तिने अगदी नम्रपणे विचारलं, "आर्वो, हा शिशाचा नाही ना?"

मी म्हटलं, कथील आहे. म्हटलं, तुमच्या घराच्या जुन्या खिडक्यांचा रंग असेल, त्या काळी सगळ्या खिडक्यांच्या रंगात शिसं असायचं. तिने माझे आभार मानले. बरोबर पुल्ला आणला होता, वेलचीचा गोड पाव, तो ठेवून गेली. दोघं नवराबायको महिनाभर खिडक्या खरवडत होते. पोर त्या धुळीत खेळत होती. मी रस्त्यावरून जाताना बघायचो. ऐली हात हलवायची.

त्या वर्षी मी पुतळे द्यायचं थांबवलं. दिलेले परत मागितले नाहीत, कारण मागायचे तर कारण सांगावं लागलं असतं. पुढच्या वर्षी रांता गाव सोडून गेले. इथे मी छातीसाठी आलो असं सगळ्यांना सांगितलं. माझ्या छातीला काही झालेलं नाही.

तुला कथील का सांगितलं? शिसं सांगितलं असतं तर तुझ्या आईने कपाट घरात येऊ दिलं नसतं. मला वाटलं, एकदा, अजून एकदाच फौज निघावी. रंगाच्या आत शिसं बंद राहतं असं मी स्वतःला समजावलं. तुझ्या तोंडातल्या चवीचं वाचलं तेव्हा मला कळलं होतं. मलाही तीच चव होती. तरी मी फक्त हात धुवायला सांगितलं.

फौज जाळता येत नाही. तिचा धूरही विषच असतो. डॉक्टरांना विचार कुठे द्यायची.

आर्वो


टॅमरॅक
१ नोव्हेंबर

आर्वोकाका,

तुमचं पत्र सोमवारी आलं. आईने वाचलं, बाबांनी वाचलं. बाबा बाहेर जाऊन लाकडं फोडत बसले, गरज नसताना.

माझ्या रक्तातल्या शिशाचा आकडा एकतीस आला. आईचा नऊ, बाबांचा आठ. डॉक्टर म्हणाले, औषध नको, लांब राहिलात तर उतरेल. तुमची फौज मी मंगळवारी खिडकीतून काढली, झाकणाच्या बादलीत भरली आणि काउंटीच्या विषारी कचरा नेणाऱ्या माणसाच्या ताब्यात दिली. शाळेच्या दारापर्यंत ती पोचली नाही. छोटं गाव तसंच आहे, त्याच्यासमोर मी एक पाटी लावली: पुतळे शिशाचे होते, १९७९ ते ८५ मध्ये कोणाकडे आले असतील तर हात न लावता मला कळवा. तीन दिवसांत एकानेही कळवलं नाही.

म्हणून काल संध्याकाळी मी वहीतली नावं घेऊन निघाले. एकोणपन्नासांपैकी बावीस घरं अजून गावात आहेत. हॅलोविनला सगळे दार उघडतात, म्हणून तोच दिवस निवडला. हातात झाकणाचा पत्र्याचा डबा होता. माझ्या पुढेमागे चेटकिणी आणि भुतं झालेली पोरं गोळ्या मागत होती, त्यांच्या रांगेत मी.

निएमींनी दार उघडलं आणि ओरडले, "अगं ए, इकडे ये, काइवोलांची आउने, एकवीस वर्षांची घोडी, गोळ्या मागायला आलीय!" मी काय मागायला आले ते सांगितलं. ते हसतच होते. "शिसं? मी चाळीस वर्षं गळाच्या गोळ्या दातांनी दाबतोय. बघ, वेडा झालोय का?" त्यांची बायको आतून म्हणाली, "ते तिला ठरवू दे." तीच माळ्यावरून पुतळा घेऊन आली, मोज्यात गुंडाळलेला.

एका घरात डब्यात चॉकलेट टाकून दार लावलं. एका घरात म्हणाले, ही आमच्या मुलाची आठवण आहे, तो सैन्यात आहे, देणार नाही. मी म्हटलं, तुमची नात किती वर्षांची? ती त्यांच्या कडेवर बसली होती. त्यांनी दिला. ओयाला बाईंनी विचारलं, "आर्वोला माहीत होतं?"

काका, तुम्ही मला पोहायला शिकवलंत. पण 'नाही' म्हटलं असतं तर ऐलीसारखी ती बाईही मला 'थँक यू' म्हणाली असती.

मी 'हो' म्हटलं. तिने माझ्या तोंडावर दार लावलं. मग परत उघडलं आणि पुतळा दिला.

चौदा मिळाले. तीन पुतळ्यांवर दातांच्या खुणा आहेत. उरलेल्या गावाबाहेरच्यांना मी पत्रं लिहिते आहे.

रांतांना मी लिहिलेलं नाही. चर्चमधून पत्ता मिळाला, ते दुलुथला आहेत. कारिना सोळा वर्षांची आहे. घरीच असते. पाद्री म्हणाले, ऐली अजून म्हणते की आम्ही ते घर घ्यायलाच नको होतं, आमच्या हातून झालं.

पत्ता सोबतच्या कागदावर आहे. तिला तुम्हीच लिहायचं. महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत मी थांबेन. त्यानंतर मी लिहीन, आणि मला काही गाळता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

आउने


युमा
९ नोव्हेंबर

आउने,

चार वेळा लिहिलं. चारही फाडली. एकदा खाणीपासून सुरुवात केली, एकदा तेव्हा सगळेच ओतायचे इथून. वाचून पाहिलं तर प्रत्येक पत्रात मीच बिचारा होतो.

तुला लहानपणी निबंधाचं पहिलं वाक्य सुचायचं नाही तेव्हा मी सांगायचो. आता तू सांग. एवढं एकच. पुढचं मी लिहीन.

आर्वो


टॅमरॅक
१४ नोव्हेंबर

आर्वोकाका,

असं लिहा: "ऐली, तुमच्या खिडक्यांचा काही दोष नव्हता."

आउने